प्रेग्नन्सी किटचा रिव्ह्यू: ४ किटं, २४० रुपये, १० दिवस

रागात एक स्टार द्यायला बसले होते मी. त्या एका रेघेचा फोटो पण काढून ठेवला होता पुरावा म्हणून, आणि लिहायला घेतलं तेवढ्यात सासूबाईंनी हाक मारली म्हणून राहून गेलं. बरंच झालं राहिलं ते. आता सगळं होऊन गेल्यावर निवांत लिहितेय आणि एका कंपनीचं नाही तर एकूणच ह्या किटांचं लिहितेय, कारण मला आता पक्कं कळलंय की कुठल्या कंपनीचं घेतलं ह्याच्यापेक्षा कुठल्या दिवशी केलं ह्याच्यावर सगळं आहे.

मी सांगलीची, विश्रामबागला राहते, एका पतसंस्थेत कॅशला असते. लग्नाला चार वर्षं, आणि आमचं वर्षभर चाललं होतं की आता होऊ दे म्हणून. पाळी तशी वेळच्या वेळी, २९-३० दिवसांनी. त्या महिन्यात तारीख होती सोमवारची, मंगळवारी गणपती आणि शुक्रवारी गौरी यायच्या. ज्यांच्या घरी गौरी असतात त्यांना पुढचं सांगायला नको. सासूबाई पंधरा दिवस आधीपासून विचारत होत्या, "तुझी तारीख कधीय गं?" आणि देव्हाऱ्याशेजारच्या डब्यात पाळी पुढं ढकलायच्या गोळ्यांची स्ट्रिप आणून ठेवलेली. मी गोळी काही चालू केली नव्हती, कारण मनात दुसरीच शंका, पण ती बोलायची कशी. म्हणून सोमवारी पाळी आली नाही तेव्हा ठरवलं की किट करून बघायचं, हो आलं तर गोळीचा विषयच संपला, नाही आलं तर रात्री गोळी घेऊन मोकळं.

किट घ्यायला घराजवळच्या मेडिकलमध्ये गेले नाही. तिथं संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका बीपीच्या गोळ्या घ्यायला असतात. मुद्दाम गाडी काढून गावात लांब गेले, एका अनोळखी मेडिकलमध्ये, गर्दी नाही बघून आत शिरले आणि हळू आवाजात सांगितलं, तर काऊंटरवरचा पोरगा आतल्या बाजूला ओरडतोय, "काका, प्रेग्नन्सीचं किट खालच्या ड्रॉवरला हाय का ओ?" झालं. मागं उभे असलेले दोन बाप्ये पण वळून बघायला लागले. काकांनी ते रद्दी पेपरात गुंडाळलं, वर काळी पिशवी घातली आणि पिशवीला स्टेपलर मारला. कंडोम, पॅड आणि हे, तिन्हीला आपल्याकडं एकच पॅकिंग. ६० रुपये घेतले.

ब्रँडचं म्हणाल तर आपल्याकडं कुठल्याही मेडिकलमध्ये प्रेगा न्यूज, आय-कॅन, वेलोसिट अशी नावं मिळतातच, मी वेगवेगळी वापरली, कुठलं कधी वापरलं ते मुद्दाम सांगत नाही कारण त्यानं काही फरक पडला नाही. आत सगळ्यांच्या एकच असतं. चंदेरी पाकीट फाडलं की बोटाएवढं पांढरं प्लॅस्टिकचं कार्ड, एक छोटा ड्रॉपर आणि ती सिलिका जेलची पुडी, जी खायची पण नसते आणि टेस्टला पण लागत नाही, फक्त ओल धरू नये म्हणून असते. कार्डावर खाली एक खळगा, वर एक खिडकी आणि खिडकीला सी आणि टी अशी दोन अक्षरं. कपात लघवी घ्यायची, ड्रॉपरनं तीन थेंब खळग्यात, कार्ड सपाट जागी ठेवायचं आणि पाच मिनिटं गप बसायचं. कपाच्या जागी मी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं ते छोटं माप वापरलं, स्वच्छ धुऊन आणि पुसून, साबणाचा अंश राहिला नाही पाहिजे. ड्रॉपर दाबताना बुडबुडा आला तर तो थेंब धरू नका, तीन म्हणजे तीन पूर्ण थेंब.

पहिल्यांदा केलं ते सोमवारी संध्याकाळी साडेसातला. ऑफिसात दोन चहा झालेले, घरी आल्यावर तांब्याभर पाणी ढोसलेलं, आणि त्यावर ही टेस्ट. बाहेर मंडळाच्या पोरांचं हॅलो हॅलो माईक टेस्टिंग चाललेलं आणि आत बाथरूममध्ये माझं टेस्टिंग. पाच मिनिटं मोबाईलवर लावली होती. सी ची रेघ झटक्यात आली, टी च्या जागी काहीच नाही. नवऱ्याला दाखवलं तर म्हणतोय, "अगं पण किट चालू आहे का ते तरी बघ." चालू होतं की. सी ची रेघ त्याच्यासाठीच असते, ती आली म्हणजे किट नीट चाललं, ती आलीच नाही तर किट बाद, मग टी वर काही का दिसेना. नवऱ्याला हे तिथल्या तिथं वाचून दाखवलं, तेवढाच विरंगुळा.

म्हणजे नाही. ठीक आहे म्हटलं. आता गोळी घ्यायची म्हणून स्ट्रिप हातात घेतली आणि सहज मेडिकलवाल्या काकांना फोन केला (बिलावर नंबर होता), तर ते म्हणाले, "ताई, ही तारखेच्या तीन दिवस आधी चालू करायची असते, आता घेऊन काय उपयोग, आणि तारीख उलटलीय तर आधी खात्री करा." मी म्हटलं खात्री केलीय, निगेटिव्ह आहे. तर म्हणाले, "आजच चुकली ना? मग आठ दिवस थांबून परत बघा." तेव्हा राग आला होता मला. ६० रुपये घेताना नाही सांगितलं ते. पण गोळी ठेवून दिली डब्यात, आणि आज त्या काकांसाठी मी कंदी पेढे न्यायला तयार आहे, साताऱ्याहून आणून.

बुधवारी सकाळी दुसरं किट केलं, दुसऱ्या कंपनीचं. ह्या वेळी सकाळची पहिली लघवी, सगळं नियमात. पाच मिनिटांनी परत एकच रेघ. कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि कामाला लागले, घरात गणपती बसलेले, दुपारी जेवायला नणंदेकडची माणसं. संध्याकाळी कचरा बांधताना नजर गेली तर कार्डावर दोन रेघा! अंगावर काटा आला. पुसटशी होती, पण होती. डबा उपसून ट्यूबलाईटखाली धरून बघितलं, खिडकीत नेऊन बघितलं, फोटो काढून ब्राईटनेस वाढवून बघितलं, नवऱ्याला बोलवलं तर तो म्हणतोय मला काहीच दिसत नाही. मग रात्रभर झोप नाही.

ती रेघ खोटी होती. म्हणजे पुढं जे व्हायचं ते झालंच, पण ती रेघ त्याची नव्हती. लघवी वाळली की टी च्या जागी करड्या रंगाचा एक ओरखडा उमटतो, त्याला रंग नसतो, पाण्याचा डाग वाळल्यावर फरशीवर कड राहते ना तसं. खरी रेघ फिकी असली तरी गुलाबी असते (काही कंपन्यांची निळी असते) आणि सी च्या रेघेएवढी रुंद असते, आणि मुख्य म्हणजे पाच मिनिटांच्या आत येते. नंतर आलेलं काहीच धरायचं नाही. हे पाकिटातल्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. वाचतं कोण.

मग चार दिवस गौरी-गणपती. पाळी नाही, पोटात मात्र कळ येतीय असं वाटायचं, दर तासाला बाथरूम. सासूबाई बघत होत्या, बोलल्या काही नाहीत. शनिवारी संस्थानच्या गणपतीच्या मिरवणुकीला सगळे गेले, मी पण गेले, त्या गर्दीत ढोलाच्या आवाजात उभी राहून डोक्यात फक्त एकच, दोन किटं निगेटिव्ह, म्हणजे माझ्यातच काहीतरी बिघडलंय. त्याच रात्री एक स्टारवाला रिव्ह्यू लिहायला घेतला होता. का काय माहीत, कुणावर तरी राग काढायचा होता.

सोमवारी सकाळी, तारीख उलटून बरोबर सात दिवस, पावणेसहाला उठून तिसरं किट. लघवी कार्डावर वर सरकत जाताना गुलाबी छटा पसरल्यासारखी दिसते बघा, ती टी वरनं गेली आणि तिथं थोडी थांबली. दोन मिनिटात रेघ. फिकी होती सी पेक्षा, पण चष्मा न लावता दिसत होती आणि गुलाबी होती. नवऱ्याला उठवलं नाही, आधी पाच मिनिटं तशीच बसले बाथरूमच्या उंबऱ्यावर. बुधवारी चौथं केलं, त्याची गरज नव्हती, पण केलं. ती रेघ सी एवढीच गडद.

आता मुद्द्याचं. पहिली दोन किटं खोटं बोलली का? मी डॉक्टरांना हेच विचारलं, मिरजेत दाखवायला गेलो तेव्हा, जरा भांडायच्याच सुरात. सोनोग्राफीत गर्भ कॅलेंडरच्या हिशोबापेक्षा पाच-सहा दिवस लहान निघाला होता. म्हणजे त्या महिन्यात माझं बीजच उशिरा सुटलं होतं. डॉक्टर बाईंनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. किट बाळ बघत नाही, किट एचसीजी नावाचं हार्मोन बघतं. ते हार्मोन गर्भ पिशवीच्या अस्तराला चिकटला की मगच तयार व्हायला लागतं आणि चिकटायला बीज सुटल्यापासून ६ ते १२ दिवस लागतात, कुणाला लवकर, कुणाला उशिरा. सुरुवातीला ते इतकं कमी असतं की लघवीत सापडतच नाही, मग साधारण दोन-तीन दिवसाला दुप्पट होत जातं. माझ्या दोन पाकिटांवर २५ असा आकडा होता, म्हणजे एक मिलिलिटर लघवीत २५ मिली इंटरनॅशनल युनिट एचसीजी असेल तर रेघ येणार. आता समजा आज ६ आहे, तर दोन दिवसांनी १२, चार दिवसांनी २४, सहा दिवसांनी ४८. सोमवारचं किट ते बुधवारचं किट ह्यात मी कंपनी बदलली, वेळ बदलली, सगळं बदललं, पण आकडाच नव्हता तिथं अजून.

आमच्या पतसंस्थेत रोज होतं हे. माणूस सकाळी चेक टाकतो आणि दुपारी पासबुक घेऊन येतो, पैसे दिसत नाहीत म्हणून काऊंटरवर आरडाओरडा. पासबुक खोटं नसतं ओ, चेक पण खोटा नसतो, क्लिअरिंग व्हायचंय. मी रोज दहा लोकांना हे सांगते आणि स्वतःच्या वेळी बाथरूममध्ये उभी राहून पासबुकाला शिव्या घालत होते.

म्हणून ते पाकिटावर छापलेलं "९९ टक्के अचूक". ते खोटं आहे असं नाही, पण ते लॅबमधलं आहे, लघवीत पुरेसं हार्मोन असेल तर किट ते पकडतं का एवढंच ते सांगतं. तुमच्या लघवीत त्या दिवशी तेवढं हार्मोन आहे का हे कंपनीला कसं माहीत असणार. २००१ साली अमेरिकेतल्या संशोधकांचा एक अभ्यास छापून आला होता, बाळासाठी प्रयत्न करणाऱ्या बायकांची रोजची लघवी साठवून केलेला, त्यात निघालं की पाळी चुकल्याच्या पहिल्या दिवशी दिवस राहिलेल्या १०० तल्या १० जणींचा गर्भ चिकटलेलाच नसतो, म्हणजे जगातलं कितीही भारी किट आणा, त्या दिवशी ९० च्या वर जाऊच शकत नाही. आठवडा थांबलं की ९७. हे मला नंतर वाचायला मिळालं, आणि वाटलं हे पाकिटावर छापायला काय झालं होतं.

आणि ही गोष्ट काय आजची नाही. घरी करायच्या टेस्टची कल्पना मार्गारेट क्रेन नावाच्या एका बाईंची, १९६७ मध्ये त्या अमेरिकेत ऑर्गनॉन कंपनीत डिझायनर होत्या, मेकअपच्या सामानाच्या कामाला घेतलेल्या, आणि लॅबमध्ये ओळीनं लावलेल्या टेस्ट ट्यूब बघून त्यांना वाटलं हे तर बाईला घरी पण करता येईल. कंपनीतले बाप्ये म्हणाले डॉक्टर नाराज होतील. अमेरिकेतल्या दुकानात असली किटं यायला १९७७ उजाडलं. तेव्हा रिझल्टला दोन तास लागायचे, आणि जाहिरातीतच कबूल केलेलं होतं, हो आलं तर ९७ टक्के बरोबर, नाही आलं तर ८० टक्केच. किती सरळ! आत्ताची किटं त्याच्यापेक्षा लई पुढं गेलीत, पण "हो" वर जास्त विश्वास आणि "नाही" वर कमी हे तसंच आहे अजून.

"हो" पण नेहमी सरळ नसतं हे दोन उदाहरणांवरून सांगते, दोन्ही आमच्याच माणसांची. माझी एक मैत्रीण ट्रीटमेंट घेत होती, तिला बीज सुटायचं इंजेक्शन दिलेलं. पाचव्या दिवशी तिनं घरी किट केलं, दोन रेघा, आईला फोन, रडारड, भडंग-पेढे सगळं. पंधराव्या दिवशी एकच रेघ. त्या इंजेक्शनमध्येच एचसीजी असतं, ते अंगातून जायला दहा-चौदा दिवस लागू शकतात, किटनं इंजेक्शन पकडलं होतं. तिला कुणी सांगितलं नव्हतं की सांगितलेलं ऐकायच्या मनःस्थितीत ती नव्हती, देव जाणे. गर्भपात किंवा बाळंतपण नुकतंच झालं असेल तरी काही आठवडे किट हो म्हणत राहतं. आणि कधी कधी गर्भ चिकटतो, रेघ येते, आणि चार-सहा दिवसांनी पाळी येऊन जाते. तिथंही किट बरोबरच असतं. पूर्वी बायकांना कळायचं पण नाही, पाळी जरा लांबली म्हणायच्या, आता कळतं आणि त्रास होतो.

दुसरी माझी मामेबहीण. दोन रेघा गडद आल्या, सगळं छान, दवाखान्यात पुढच्या आठवड्यात जाऊ म्हणाली. चौथ्या दिवशी पोटात एका बाजूला असह्य दुखायला लागलं, थोडं अंगावरून जात होतं, खांदा दुखतोय म्हणाली आणि किचनमध्ये चक्कर येऊन पडली. गर्भ नळीत होता. रात्री मिरजेला नेऊन ऑपरेशन केलं म्हणून वाचली. किट हो म्हणतं, कुठं ते सांगत नाही. रेघ आल्यावर एका बाजूला दुखणं, रक्त जाणं, चक्कर ह्यातलं काही झालं तर पुढचा आठवडा बघायचा नसतो, लगेच जायचं.

ते मीठ टाकून, साखर टाकून, कोलगेट टाकून करायच्या टेस्टचे रील मला येतात अजून. जावेनं टूथपेस्ट टाकून बघितलं होतं, फेस आला. मी म्हटलं दादाची घे आणि टाकून बघ, त्याला पण दिवस गेलेले निघतील. पेस्टमधल्या खडूला लघवीतलं आम्ल लागलं की फेस येतोच. तिचं माहेर कवठेमहांकाळकडं, तिथं आशाताईंकडं निश्चय नावाचं सरकारी किट फुकट मिळतं आणि ताई सांगतात पण नीट, मग कोलगेट वाया कशाला.

ज्यांची पाळी कधीच वेळेत येत नाही, पीसीओडी वगैरे, त्यांना पाळी चुकली कुठल्या दिवशी हेच कळत नाही, तर शेवटच्या संबंधापासून तीन आठवडे मोजा आणि मग करा. गौरी-लग्नाच्या गोळ्या घेऊन पाळी पुढं ढकलली असेल तर त्या गोळ्यांनी किटची रेघ बदलत नाही, पण तारखेचा सगळा हिशोब विस्कटतो, म्हणून गोळी बंद करून चार-सहा दिवसात पाळी आली नाही तर किट करून बघा. आठ दिवसांनी पण निगेटिव्ह आणि पाळी नाहीच, तर किटं आणत बसू नका, रक्ताची बीटा एचसीजी करा, किट हो-नाही सांगतं, रक्त आकडा सांगतं. माझी दोनदा केली, ४८ तासांच्या अंतरानं, आकडा वाढतोय का बघायला. एकेक टेस्ट पाचशेच्या आसपास पडली.

घेताना एक्स्पायरी बघा, आणि किटं ३० डिग्रीच्या खाली ठेवायची असतात, सांगलीच्या एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या टपरीतून किंवा गाडीच्या डिकीत आठवडाभर पडलेलं घेऊ नका. पाच-पाच आणून ठेवायची पण गरज नाही. पेनासारखी महागडी येतात, थेट धारेत धरायची, सोपी असतील, पण तीन थेंबवालीनं माझं काम झालं.

सासूबाईंना सोमवारीच सांगितलं, किट दाखवूनच. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, "ह्यात मुलगा-मुलगी कळतं का?" आई, नाही कळत, आणि कळत नाही तेच बरंय. त्या हसल्या आणि गोळ्यांची ती स्ट्रिप उचलून नणंदेच्या पर्समध्ये घातली.

रेटिंग: किटांना पाचपैकी साडेचार, चारही जणांना सारखंच. अर्धा स्टार आतल्या चिठ्ठीचा कापलाय, कारण पाकिटावर ९९ टक्के केवढ्या मोठ्या अक्षरात, आणि पाच मिनिटांनंतर बघू नका हे वाचायला मला मोबाईलचा कॅमेरा झूम करावा लागला.